सालाचा गूळ

बोरठाणला आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आली की दोन गोष्टी होतात. एक, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. दुसरी, सालदारांचं साल संपतं आणि नवं सुरू होतं. आखाजीच्या संध्याकाळी मालक ओट्यावर बसतो, शेजारी गुळाची फोडलेली ढेप. ज्याला पुढचं साल धरायचं तो समोर येऊन उभा राहतो, द्यायचं-घ्यायचं चार माणसांत बोललं जातं आणि मालक स्वतःच्या हातानं गुळाचा खडा त्याच्या तोंडात घालतो. झालं. कागद नाही, अंगठा नाही. खडा विरघळला की पुढच्या आखाजीपर्यंत माणूस बांधला गेला. मालक मारकुटा निघाला तरी साल काढायचं, घरात दुखणं आलं तरी बदली माणूस देऊन मगच हलायचं. गूळ खाऊन मधेच पळालेल्याला तापीकाठच्या कुठल्याच गावात कोणी बैलाच्या दाव्याला हात लावू देत नसे.

हिलाल काही सालदार नव्हता. जातीनं तो शिंपी, पण सुईपेक्षा त्याला भट्टीचा नाद. उभी उमर त्यानं नदीकाठच्या कापसाच्या जिनात आगवाला म्हणून काढली. बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून कोळसा मारायचा आणि वाफ कमी-जास्त होऊ द्यायची नाही, एवढंच काम, पण त्याच्या जिवावर सगळे चरखे फिरत आणि सगळ्या गावाच्या कापसाची सरकी निघे. पुढे गावोगावचा कापूस रेल्वेच्या सोयीसाठी दोंडाईचाकडे वळला. जिनाचा मालक मुंबईचा, त्याला गावात कोणी पाहिलेलाही नव्हता. त्यानं न दिसताच जिन बंद केलं. हिलालचे हात कोळशाशिवाय पांढरे पडायला लागले, आणि ते त्याला कोडासारखे वाटत.

बंद जिनाची ती जागा रूपचंदभाईनं घेतली. रूपचंदभाई तापीकाठचा मोठा गुजर शेतकरी. कापूस, केळी, विहिरीवर इंजिन, सगळं होतं. मनानं वाईट नव्हता. फक्त बाहेरगावी काही पाहिलं की ते आपल्या गावात असावं असा तो हट्ट धरे. मुंबईला जाऊन तो चौपाटी पाहून आला, सुरतेला जाऊन बागेतलं कारंजं पाहून आला, आणि मग त्याला झोप येईना. जिनाच्या लांबच लांब चाळींत पक्के गाळे पाडायचे, गाठी बांधायच्या प्रेसघरात रविवारी सिनेमा दाखवायचा, काठाला पायऱ्या बांधून नाव फिरवायची, पटांगणात बाग, कारंजं, चहाचं हॉटेल. माणसानं बाजारही करावा आणि जिवाला विरंगुळाही करून घ्यावा. नावही ठरलं, तापीविहार. शहाद्याचे कापडवाले चुनीलालशेठ भागीदार झाले. गाव हसलं, आणि मग गाव रोज संध्याकाळी काम बघायला जायला लागलं.

त्या आखाजीला रूपचंदभाईनं हिलालला ओट्यावर बोलावलं. जिनाचा खिळा न् खिळा ठाऊक असलेला माणूस त्याला पाडापाडीच्या कामाला हवा होता.

"हिलाल, मन्हाकडे साल धर," तो म्हणाला. "पोटले भाकर, अंगले कपडा. आनि पुढली आखाजीले बजार उघडी, त्यामा एक गाळा तुन्हा जवाईले."

जावयाचं नाव निघालं आणि हिलाल ओट्याजवळ सरकला. त्याची एकुलती एक लेक बेबी तळोद्याच्या पलीकडे दिलेली. जावई दोधू शिंपीकाम करी, हातात कला होती, पण आईच्या ओसरीवर मशीन मांडून बसलेल्या माणसाला कला असून उपयोग नसतो. घर चालवत होती त्याची आई दगूबाई. बेबीला मूलबाळ नाही, एवढ्या एका गुन्ह्यावर दगूबाईनं तिचं खाणं मोजलं, बोलणं बंद केलं आणि आखाजीला माहेरी धाडायचंही बंद केलं. मूळ म्हणून, लेकीला माहेरी आणायला, गेलेला हिलाल दोनदा दारातून रिकामा परत आला होता. दुसऱ्यांदा त्याला बेबी दिसली ती पाण्याचा हंडा घेऊन जाताना, पाठमोरी. खांद्याची हाडं लुगड्यातून वर आली होती. ही पोर त्या घरात जगायची नाही, हे बापाला तिथंच कळलं. परतीच्या वाटेवर तो एका बांधावर बसून रडला आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, बरी आहे.

पण दोधू एकदा बोलून गेला होता की पक्की जागा मिळाली तर मी मशीन उचलून येईन. आणि दगूबाईलाही गाळ्याचं अप्रूप होतं. मुलगा दुकानदार झाला असं चार बायांत सांगायला मिळालं असतं. म्हणजे एक गाळा मिळाला की बेबी आपल्या गल्लीत येणार, आईच्या हातचं खाणार आणि जगणार, हिशोब इतका सरळ होता. हिलालनं तोंड उघडलं. रूपचंदभाईनं खडा घातला. चार माणसं हो म्हणाली.

मग हिलालनं ते साल असं काढलं की सालदारांनीही त्याला वेडा म्हणावं. उजाडायच्या आत तो जिनात हजर. चरखे उपसले, पट्टे उतरवले, बॉयलरचे तुकडे करून भंगारात घातले. ज्याच्या तोंडाशी उभं राहून अंगातलं पाणी आटवलं त्याच्यावरच घण घालताना जीव कासावीस झाला, पण दर घणाबरोबर तो मनात गाळा मोजत होता. नदीकडच्या टोकाचा, दोन बाजूंनी उजेड येणारा. शिंप्याला उजेड लागतो. त्या कोपऱ्यातला राडारोडा त्यानं सगळ्यात आधी काढला, तिथली जमीन स्वतः चोपली, आणि मशीन कुठं येईल त्या जागी उकिडवं बसून पाहिलं. गवंडी हसले.

मग प्रश्न आला कडुनिंबांचा. जिनाच्या पटांगणात जुने कडुनिंब होते, ओळीनं. कापसाचा हंगाम आखाजीच्या आत संपायचा, जिन थंड व्हायचं आणि फाटक उघडं पडायचं. मग गावात आलेल्या सगळ्या माहेरवाशिणी या निंबांना झोके बांधत. त्या तीन-चार दिवसांत जिनाच्या आवारात पुरुषानं पाऊल टाकायचं नाही, असा न सांगता पाळलेला रिवाज होता. फांद्या कुरकुरत, गाणी नदीपलीकडे ऐकू जात. सासूचं नाव घालून गाणी रचायची आणि तिला मनसोक्त शिव्या द्यायच्या, हे सुख पोरींना वर्षातून तेवढंच. बेबीचा झोका नेहमी नदीकडच्या शेवटच्या निंबाला. झोका वर गेला की तिला म्हणे तापीचं पाणी दिसे. खरं सांगायचं तर रूपचंदभाई जी बाग करायला निघाला होता, ती तिथं आधीपासूनच होती. तिला फक्त फाटक आणि नाव नव्हतं.

कारंज्याच्या हौदाला जागा हवी म्हणून निंब तोडायचे ठरले. गावातला एकही माणूस कुऱ्हाड घेऊन पुढे येईना. कोणाची बहीण, कोणाची लेक त्या फांद्यांवर झुललेली. काम अडलं तेव्हा रूपचंदभाईनं हिलालकडे नुसतं पाहिलं. साल धरलेल्या माणसाला कामात निवड नसते. हिलालनं कुऱ्हाड उचलली. शेवटच्या निंबापाशी तो थांबला. फांदीवर दोराच्या घासणीनं पडलेली खाच होती, साल जाऊन लाकूड गुळगुळीत झालेलं. झाड जाईल पण पोर येईल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. वर्षातून एकदा नाही, रोज येणार. आणि घाव घातला.

दसरा झाला आणि दोंडाईचाहून भाईदास आला. भाईदास हा हिलालच्या बायकोचा, कौसाबाईचा, भाऊ. तो तिथल्या एका जिनात कामाला होता. हंगाम तोंडावर आणि त्यांचा आगवाला गाव सोडून गेलेला. भाईदासनं मालकापाशी हिलालचं नाव टाकून ठेवलं होतं. ओसरीवर पाणी पिता पिता तो म्हणाला, "खोली शे. टेशनना रस्तावर जवाईले मशीन मांडाले जागा बी मी देखी ठेवेल शे. दिवाईना पहिले ये, नहीतर जागा जाई."

कौसाबाई चुलीपुढून उठून दाराशी आली. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता. बेबीची सुटका, बापाची भट्टी, डोक्यावर कौलं, सगळं एका वाक्यात येऊन ओसरीवर बसलं होतं. हिलालनं आपले तळहात पाहिले. मग म्हणाला, "मी गूळ खायेल शे."

भाईदासला क्षणभर कळेना. मग तो समजावू लागला की साल शेतीतलं असतं, तू काय बैल राखतोस का, रूपचंदभाईला जाऊन सांग. हिलाल मान हलवत राहिला. चार माणसांत घेतलेला खडा. मधे सोडला तर गाळाही जाईल, नावही जाईल, आणि उद्या दगूबाईच म्हणेल की जिच्या बापाला शब्द नाही तिला काय ठेवायची. आखाजीपर्यंतच तर आहे. भाईदास जेवला आणि गेला. तो वळणावर दिसेनासा झाल्यावर कौसाबाई बोलली, एरवी ती नवऱ्यापुढे आवाज चढवत नसे.

"गूळ तुम्ही खादा. मन्ही आंडेर तठे झिजी ऱ्हायनी, तिनं काय?"

लेकीचा विषय निघाला तसा हिलाल उठून जिनाकडे चालू लागला. दिवाळीच्या आत दोंडाईचाची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

हिवाळ्यात तापीविहाराला रूप आलं. जिनाची चिमणी पाडली नाही, तिला पांढरा रंग देऊन वर दिव्यांची माळ गुंडाळली. लोखंडी झोपाळे आले, घसरगुंडी आली, सुरतेहून कारंज्याची नळी आली. तोडलेल्या निंबांची बाकडी केली. मग गाळ्यांवर पाट्या चढायला लागल्या. इथं किराणा, तिथं भांडी, पुढे सायकली. कोपऱ्यातला गाळा मोकळाच होता, म्हणून हिलाल निर्धास्त. एकदा त्यानं वाट अडवून विचारलं, तेव्हा रूपचंदभाई कारंज्याच्या पाण्याकडे बघत म्हणाला की होईल, होईल. माणूस होईल म्हणाला की ते होतंच असं नाही, हे हिलालला पन्नाशीत कळायला हवं होतं. पण त्याच्या तोंडात गूळ होता. त्यानं तळोद्याला निरोप धाडला: आखाजीला बजार उघडतोय, मशीन घेऊन या.

आखाजीचा दिवस उजाडला. घरोघर पितरांच्या घागरी भरल्या, पुरणाचा वास सुटला आणि तापीविहाराच्या फाटकावर आंब्याची तोरणं लागली. धुळ्याचे कोणी साहेब फीत कापणार होते. भोंग्यावर सिनेमाची गाणी. गावाच्या लेकी नटून आल्या होत्या आणि पटांगणात येऊन थबकल्या होत्या. कुठं उभं राहायचं ते त्यांना समजत नव्हतं.

दुपार कलताना बैलगाडी आली. पुढे दोधू, मागे बेबी, मधे गोधडीत गुंडाळलेलं मशीन, एक पत्र्याची पेटी, चूल पेटवायला लागतील तेवढी भांडी. दगूबाईनं खरोखरच पाठवलं होतं. हिलाल धावतच गेला. बेबी उतरली तेव्हा त्यानं तिला हात दिला, आणि त्या हातात वजनच नव्हतं. तिचे डोळे मात्र हसत होते. तिनं पटांगणभर नजर फिरवली.

"आबा, निंब कोठे गयात?"

"मीच तोड्यात, बेटा," हिलाल म्हणाला. "चाल, तुले गाळा दाखाडस."

कोपऱ्यातल्या गाळ्याचं दार उघडं होतं. आत कापडाचे तागे रचले होते, गादी घातली होती, लोडाला टेकून एक तरुण माणूस पान लावत होता. तो चुनीलालशेठचा मेहुणा. हिलालला आधी वाटलं की समारंभापुरता माल ठेवला असेल. त्यानं तसं विचारलंही. तरुणानं वर बोट दाखवलं. पाटीवरचा रंग अजून ओला होता.

रूपचंदभाई साहेबांना निरोप देऊन चहाच्या हॉटेलापाशी उभा होता, कपाळाला गुलाल. हिलाल त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, हात जोडून. मागे दोधू, त्याच्या मागे डोक्यावर पदर घेतलेली बेबी. रूपचंदभाईला लाज वाटली, ती दिसलीही. त्यानं हिलालला बाजूला घेतलं. म्हणाला की चुनीलालशेठनं गाळे आपल्या माणसांत वाटले, पुढच्या ओळीत शिंप्याचं मशीन त्यांना नको आहे, आणि आता हा बाजार आपल्या एकट्याचा राहिलेला नाही. मागे पत्र्याची शेड पडली तर बघू. हिलालला हे ऐकू येत होतं, पण आत उतरत नव्हतं. त्यानं फक्त एवढंच सांगितलं की दोंडाईचाला खोलीसकट काम चालून आलं होतं, ते या गुळासाठी सोडलं.

रूपचंदभाई खरोखरच चकित झाला.

"माले कसाले नही सांगं?" तो म्हणाला. "मी तुले तवयच सोडी देतू. आते कोन पाळस हाई?"

त्यानं हे दुखवायला म्हटलं नव्हतं. दुखवायला म्हटलं असतं तर हिलालला राग तरी आला असता. ओसरीवर बसलेला भाईदास त्याला दिसला, दारातली कौसाबाई दिसली, आणि एका शब्दानं उघडणारं दार आपण आतून धरून बसलो होतो हे दिसलं. साऱ्या सालात त्याला थांबवून ठेवणारं दुसरं कोणीच नव्हतं.

दोधूनं तमाशा केला नाही, तेवढा तो सभ्य. त्यानं बैल पुन्हा जुंपले. कौसाबाई घरून पुरणपोळ्यांचं ताट झाकून घेऊन आली होती. आखाजीला लेक दारातून परत पाठवू नये म्हणून तिनं जावयापुढे पदर पसरला. दोधू खाली बघून म्हणाला की आईला काय सांगू, मशीनसकट परत जाताना रात्रभर राहून आलो म्हणू? उजेड आहे तोवर निघतो. त्याचा आवाज पडला होता. घरी गेल्यावर काय होणार हे त्याला माहीत होतं, आणि ते कोणावर होणार हेही.

तेवढ्यात बेबी म्हणाली, एक झोका घेते. झोपाळ्यापाशी तिकीट होतं; हिलालनं ते काढलं. वैशाखाच्या उन्हानं लोखंड तापलं होतं. बेबीनं पदराची घडी करून खाली घातली आणि बसली. झोपाळे लेकरांच्या मापाचे होते. तिचे पाय जमिनीला लागत होते. तिनं एकदा रेटा दिला, झोपाळा थोडा पुढे गेला आणि पाय घासत मागे आला. तिनं नदीकडे पाहिलं. मधे गाळ्यांची भिंत होती. मग ती उठली, पदर झटकला आणि गाडीकडे चालू लागली.

गाडीत बसताना ती बापाला हळूच म्हणाली, "आबा, पुढली आखाजीले मूळ लिसन येवू नका. तुम्ही फिरी जातस ना, त्यानं मंग माले जास्ती व्हस."

हिलालनं मान हलवली. आपण रिकामे परतलो की मागे पोरीचं काय होत असेल, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. गाडी फाटकाबाहेर पडली. गोधडी सरकली होती आणि मशीनचं चाक उघडं पडून वळणापर्यंत चमकत गेलं. कौसाबाई ताट घेऊन तिथंच खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. भोंग्यावरच्या गाण्यात ते कोणाला ऐकू गेलं नाही.

संध्याकाळी रूपचंदभाईच्या ओट्यावर ढेप फुटली. सालदार एकामागून एक पुढे जात होते. हिलाल खाली धुळीत बसला होता. कशासाठी आलो हे त्यालाच सांगता आलं नसतं. जिन नव्हतं, दोंडाईचा नव्हतं, घरी जाऊन कौसाबाईच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती. रूपचंदभाईची नजर त्याच्यावर पडली. त्याला दया आली, आणि आपल्या दयेचं त्याला बरंही वाटलं. त्यानं हाक मारली. बागेत झोपाळ्यांवर माणूस हवाच होता, तिकिटं घ्यायला, सावलीतलं काम, पोटाला भाकर आणि अंगाला कपडा. चार माणसांनी चांगलं झालं म्हणून माना हलवल्या.

हिलाल ओट्यापुढे जाऊन उभा राहिला. या वेळी त्याला काही मागायचं नव्हतं. रूपचंदभाईनं खडा निवडला, जरा मोठाच, आणि हात पुढे केला. हिलालनं तोंड उघडलं.

मग तो बाजूला झाला आणि मागचा सालदार पुढे सरकला.